वचन आजचे, देणे २०३८ चे

नागपुरात डिसेंबरच्या थंडीबरोबर मोर्चेही येतात. हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत यशवंत स्टेडियमपासून निघालेली माणसे मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटजवळ किंवा टेकडी रोडवर अडवली जातात, शिष्टमंडळ निवेदन घेऊन आत जाते, संध्याकाळी रस्ता मोकळा होतो आणि दुसऱ्या दिवशी दुसरा मोर्चा त्याच जागी येऊन बसतो. शहराला याची इतकी सवय झाली आहे की मोर्चा कोणाचा आहे हे विचारण्याऐवजी आम्ही कोणता रस्ता बंद आहे एवढेच विचारतो. २०२२ आणि २०२३ च्या डिसेंबरात मात्र ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ असे लिहिलेल्या टोप्या घालून आलेल्या शिक्षक-कर्मचाऱ्यांनी तशी उपेक्षा करू दिली नाही. आमच्या घरात एक पिढी जुन्या पेन्शनवर, म्हणजे तिजोरीतून आयुष्यभर मिळणाऱ्या आणि महागाईबरोबर वाढणाऱ्या निवृत्तिवेतनावर, सन्मानाने म्हातारी झाली आणि दुसऱ्या पिढीच्या नावावर एनपीएसचे, म्हणजे जमा रकमेवर चालणाऱ्या नव्या राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेचे, खाते आहे. त्यामुळे हा वाद मला रस्त्याइतकाच जेवणाच्या ताटावरही ऐकू आला आहे. दोन्हीकडच्या युक्तिवादांत एक गोष्ट सारखीच सुटते, ती म्हणजे पैसा बाजूला ठेवण्याची वेळ. माझ्या मते सगळा प्रश्न तिथेच आहे.

आधी घटनाक्रम पाहू, कारण तो बोलका आहे. २१ डिसेंबर २०२२ रोजी नागपूरच्या विधानसभेत तेव्हाचे उपमुख्यमंत्री आणि अर्थमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सांगितले की जुनी योजना लागू केली तर राज्यावर १ लाख १० हजार कोटी रुपयांचा बोजा पडेल, राज्य दिवाळखोरीत जाईल, म्हणून ती लागू केली जाणार नाही. सहा आठवड्यांनी, २ फेब्रुवारी २०२३ रोजी, नागपूर विभाग शिक्षक मतदारसंघाचा निकाल लागला आणि भाजपचा पाठिंबा असलेले विद्यमान आमदार नागो गाणार यांचा महाविकास आघाडीचा पाठिंबा मिळालेले सुधाकर अडबाले यांनी पराभव केला. त्या निवडणुकीत जुनी पेन्शन हाच कळीचा मुद्दा होता. १४ मार्चला राज्यभर संप झाला, तो २० मार्चला मिटला, आणि निवृत्त सनदी अधिकाऱ्यांच्या समितीकडे प्रश्न गेला. ३१ मार्चच्या शासन निर्णयाने नव्या योजनेतील मृत कर्मचाऱ्यांच्या कुटुंबांना कुटुंब निवृत्तिवेतन मिळाले. जानेवारी २०२४ मध्ये, भरतीची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ पूर्वी निघाली होती पण रुजू नंतर झाले अशा सुमारे २६,००० जणांना जुन्या योजनेचा पर्याय देण्यात आला. १ मार्च २०२४ रोजी मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी शेवटच्या पगाराच्या निम्मे निवृत्तिवेतन देणारी सुधारित योजना जाहीर केली, आणि ऑगस्टमध्ये केंद्राची एकीकृत निवृत्तिवेतन योजना मंजूर झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी राज्य मंत्रिमंडळाने ती स्वीकारली. ‘देणार नाही’पासून ‘दिले’पर्यंतचा हा प्रवास वीस महिन्यांचा आहे. या वीस महिन्यांत राज्याची बेरीज-वजाबाकी बदललेली नव्हती. बदलले होते ते मतदारसंघांचे गणित.

यात एकाच पक्षाला दोष देण्याचे कारण नाही. केंद्रात १ जानेवारी २००४ नंतर रुजू होणाऱ्यांसाठी जुनी योजना बंद झाली ती वाजपेयी सरकारच्या निर्णयाने, आणि महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ पासून तोच मार्ग धरला तो विलासराव देशमुखांच्या काँग्रेस-राष्ट्रवादी सरकारने. ज्यांनी तेव्हा योजना बंद केली त्यांचेच पक्ष आज मोर्च्याच्या व्यासपीठावर ती परत मागतात, आणि ज्यांनी सभागृहात दिवाळखोरीचा इशारा दिला त्यांनीच निवडणुकीच्या वर्षात निम्म्या पगाराची हमी दिली. दोन्ही बाजूंना हे जमते, कारण निवृत्तिवेतनाचे वचन आणि त्याचे देणे यांत तीस-पस्तीस वर्षांचे अंतर असते. नोव्हेंबर २००५ मध्ये पंचविसाव्या वर्षी रुजू झालेला महाराष्ट्रातला कर्मचारी अठ्ठावन्नाव्या वर्षी, म्हणजे २०३८ मध्ये, निवृत्त होईल आणि त्यानंतर वीस-पंचवीस वर्षे तो किंवा त्याच्यामागे त्याचे कुटुंब पेन्शन घेईल. आज टाळ्या घेणाऱ्या मंत्र्यापैकी त्या दिवशी अर्थसंकल्प मांडायला कोण असेल?

जुन्या योजनेत सरकार कर्मचाऱ्याच्या पगारातून पेन्शनसाठी काही कापत नसे, आणि स्वतःही काही बाजूला ठेवत नसे. ज्या महिन्यात पेन्शन द्यायची, त्या महिन्याच्या महसुलातून ती द्यायची, असा तो व्यवहार होता आणि जुन्या कर्मचाऱ्यांपुरता अजूनही आहे. विदर्भ-मराठवाड्यातल्या निवृत्तांचे प्राधिकारपत्र नागपूरच्या महालेखाकार कार्यालयातून निघते, कोषागार पैसे वळते करते, आणि नोव्हेंबरात म्हातारी माणसे बँकेत हयातीचा दाखला देऊन येतात. या साखळीत कुठेही साठवलेला निधी नाही, आहे तो फक्त चालू वर्षाचा कर. नव्या योजनेत कर्मचारी मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या १० टक्के भरतो, सरकार आधी १० टक्के भरत असे, २०१९ पासून १४ टक्के भरते. पैसा बाजारात गुंतवला जातो, निवृत्तीच्या वेळी जमलेल्या रकमेतील ६० टक्के हाती मिळतात आणि किमान ४० टक्क्यांतून विमा कंपनीकडून वर्षासन, म्हणजे आयुष्यभर नियमित मिळणारी ठरावीक रक्कम, घ्यावे लागते. म्हणजे २००५ ची सुधारणा दुहेरी होती. तिने पैसा आज बाजूला ठेवायला लावला, ही चांगली गोष्ट झाली. आणि बाजाराची, व्याजदराची व दीर्घायुष्याची सगळी जोखीम एकेकट्या माणसाच्या डोक्यावर टाकली, ही वाईट. चर्चेत या दोन गोष्टी कायम एकात एक गुंतवल्या जातात. त्या वेगळ्या आहेत.

आकडे मांडून पाहू. ते माझ्या समजुतीसाठी गृहीत धरलेले आहेत, कोणा एका कर्मचाऱ्याचे नाहीत. समजा, एखाद्या शिक्षकाच्या खात्यात निवृत्तीच्या दिवशी ६० लाख रुपये आहेत. त्यातले ३६ लाख हाती आले, २४ लाखांचे वर्षासन घेतले. सहा टक्के दर धरला तर महिन्याला १२,००० रुपये येतील. जुन्या योजनेत त्याच शिक्षकाला महागाई भत्ता धरून ४०,००० मिळाले असते असे म्हणू. मोर्च्यात १२,००० आणि ४०,००० हे दोन आकडे शेजारीशेजारी ठेवले जातात आणि ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. पण हाती आलेल्या ३६ लाखांचा उल्लेख होत नाही. सगळ्या ६० लाखांचे वर्षासन घेतले असते तर महिना ३०,००० पडला असता. म्हणजे पहिल्या दिवशीची तफावत घोषणेत सांगितली जाते तेवढी नाही. मात्र विरोधकांनी इथे थांबून समाधान मानू नये, कारण ते ३०,००० मरेपर्यंत ३०,००० राहतात आणि ४०,००० दर सहा महिन्यांनी महागाई भत्त्यासह वाढत जातात. वाढ वर्षाला पाच टक्के धरली तरी पंधरा वर्षांत ते ८०,००० च्या पुढे जातात. त्या वयात औषधांचा खर्च कुठे पोचलेला असतो हे घरात आजारी म्हातारे माणूस असलेल्याला सांगावे लागत नाही.

आता उलट बाजूने बघू. आज ४०,००० रुपयांपासून सुरू होणारी आणि महागाईबरोबर वाढणारी पेन्शन बावीस वर्षे द्यायची, आणि निधीवरचा परतावा महागाई भत्त्याच्या वाढीइतकाच मिळतो असे धरले, तर पहिल्या दिवशी सुमारे १ कोटी ५ लाख रुपये तयार असावे लागतील. खात्यात आहेत ६० लाख. परतावा थोडा अधिक धरला तर हा फरक कमी होईल, पण नाहीसा होणार नाही. पंचेचाळीस लाखांचा हा खड्डा हाच खरा वाद आहे. कर्मचाऱ्याला ‘हमी’ म्हणजे हा खड्डा सरकारने भरावा असे म्हणायचे असते, सरकारला ‘बोजा’ म्हणजे तोच खड्डा म्हणायचा असतो, आणि तो कोणत्या वर्षी, कोणाच्या खिशातून भरायचा हे दोघेही सांगत नाहीत.

रिझर्व्ह बँकेच्या २०२३ मधील एका अभ्यासात म्हटले होते की सगळी राज्ये जुन्या योजनेकडे परतली तर निवृत्तिवेतनाचा एकत्रित भार नव्या योजनेच्या साडेचार पट होऊ शकतो आणि २०६० पर्यंत तो दरवर्षी देशाच्या उत्पन्नाच्या ०.९ टक्के जादा असेल. या इशाऱ्याचा मथळा सगळ्यांनी वाचला. त्यातली दुसरी बाब फार थोड्यांनी लक्षात घेतली. जुन्या योजनेकडे परतणाऱ्या सरकारला सुरुवातीच्या वर्षांत भार पडत नाही, उलट पैसे वाचतात. दरमहा भरावे लागणारे १४ टक्के थांबतात, आणि २००५ नंतरचे बहुतेक कर्मचारी अजून निवृत्तीला आलेले नसतात. राजस्थान, छत्तीसगड, झारखंड, पंजाब आणि हिमाचल प्रदेश या राज्यांनी परतीचा निर्णय घेतला तेव्हा त्यांच्या तिजोरीसमोर हे प्रलोभन उघडेच होते. आज लोकप्रियता, आज बचत, आणि देणे दहा-पंधरा वर्षांनी: असा व्यवहार एखाद्या सावकाराने गावात केला असता तर आपण त्याला लबाड म्हटले असते. दिवाळखोरी होईल की नाही, याहून मला हे अधिक आक्षेपार्ह वाटते की ज्यांना हे देणे द्यावे लागेल त्यांतले अनेक जण आज शाळेत आहेत आणि त्यांना मत नाही. शिवाय ते संख्येनेही कमी असणार आहेत. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्राचा एकूण जननदर, म्हणजे एका स्त्रीमागे सरासरी मुलांची संख्या, १.७ आहे. दोन माणसांच्या जागी दोनही उभे राहत नाहीत अशा समाजात चालू महसुलातून वाढत्या पेन्शनी देण्याची पद्धत फार काळ ताण सोसणार नाही.

म्हणून कर्मचाऱ्यांची मागणी खोटी ठरते का? मुळीच नाही. १७ डिसेंबर १९८२ रोजी नाकारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने, ज्याचे नेतृत्व सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्याकडे होते, निवृत्तिवेतन ही सरकारच्या मर्जीवरची बक्षिसी नसून केलेल्या सेवेतून आलेला हक्क आहे असे ठरवले. तो दिवस पेन्शनर दिन म्हणून पाळला जातो. पण न्यायालयापर्यंत जाण्याचीही गरज नाही. नागपूरच्या मातीत हा विचार त्याच्या जवळजवळ शंभर वर्षे आधी रुजला होता. १८७७ मध्ये जमशेटजी टाटांनी इथे एम्प्रेस मिल सुरू केली आणि १८८६ मध्ये कामगारांसाठी पेन्शन निधी उभा केला. त्या व्यवस्थेच्या नावातच ‘निधी’ हा शब्द होता. कापसाच्या धंद्यात मंदी येते, मालक बदलतात, गिरण्या बंद पडतात, हे जाणणाऱ्या माणसाने म्हाताऱ्या कामगाराचा पैसा चालू वर्षाच्या नफ्यावर सोडला नाही, ही गोष्ट मला आजच्या सगळ्या समित्यांच्या अहवालांपेक्षा शहाणपणाची वाटते. पुढे मिल बंद पडली आणि तिच्या जागेवर मॉल उभा राहिला, ती कहाणी वेगळी.

निवृत्तीनंतर कोण किती वर्षे जगेल हे कोणालाच ठाऊक नसते. एका माणसाला त्यासाठी तयारी करायची तर त्याने शंभर वर्षे जगण्याची तयारी करावी लागेल. दहा लाख माणसांना मिळून करायची तर सरासरी आयुष्याची तयारी पुरते. जोखीम एकत्र वाटून घेण्याचा हा फायदा २००५ च्या योजनेने हातचा घालवला. सेवेत असताना मृत्यू पावलेल्या कर्मचाऱ्याच्या विधवेला जुन्या योजनेतल्यासारखे नियमित कुटुंब निवृत्तिवेतन मिळायला राज्यात २०२३ साल उजाडावे लागले, यावरून तिचा कच्चेपणा कळतो. तेव्हा हमी हवी, सामूहिक हवी, आणि महागाईशी जोडलेली हवी, येथवर मी मोर्च्याच्या बाजूने आहे. हमीमागे पैसा आजच बाजूला पडला पाहिजे, या अटीवर मात्र मी मोर्च्यापासून वेगळा होतो.

दिवाळखोरीचा युक्तिवाद करणाऱ्यांनाही सहज सोडता येणार नाही. एकदा निवडून आलेल्या माजी आमदाराला दरमहा ५०,००० रुपये निवृत्तिवेतन मिळते, पाच वर्षांपेक्षा अधिक काळ सदस्य असेल तर त्यावर आणखी. त्यासाठी कोणता निधी बाजूला ठेवलेला आहे? जुलै २०२४ पासून लाडकी बहीण योजनेत दरमहा १,५०० रुपये देण्यासाठी हजारो कोटी उभे राहिले तेव्हा कोणी दिवाळखोरी हा शब्द उच्चारला नाही. मी त्या योजनेच्या विरोधात नाही. परंतु वेतन, निवृत्तिवेतन आणि व्याज मिळून महसुली जमेतला निम्म्याहून अधिक हिस्सा जातो, हे ज्या सरकारला कर्मचारी दारात आल्यावर आठवते, त्याला ते इतर घोषणा करतानाही आठवले पाहिजे. शिवाय राज्य शासनात दोन लाखांहून अधिक मंजूर पदे रिक्त आहेत आणि त्यांतली बरीच कामे कंत्राटी माणसे करतात. पेन्शनचा भार कमी करण्याचा हा सर्वांत निर्दय मार्ग आहे, आणि त्यावर कोणीही मतदान घेतलेले नाही.

या वादात जे मोर्च्यातही नसतात आणि सभागृहातही नसतात, त्यांच्याबद्दल थोडे थांबून लिहायला हवे. खासगी कारखान्यांतले, सहकारी संस्थांतले आणि एसटीतले कामगार १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेत येतात. त्यांच्यासाठी मालकाच्या वाट्यातून ८.३३ टक्के बाजूला पडतात, पण पगाराची मर्यादा १५,००० रुपयांची, म्हणजे महिन्याला फार तर १,२५० रुपये. सूत्र असे की पेन्शनयोग्य पगाराला सेवेच्या वर्षांनी गुणायचे आणि सत्तरने भागायचे. तीस वर्षे त्या मर्यादेवर राबलेल्या माणसाला ७,००० रुपयेही मिळत नाहीत, त्यावर महागाई भत्ता नाही, आणि किमान पेन्शन २०१४ पासून १,००० रुपयांवर अडकलेली आहे. देशात अशा पेन्शनरांची संख्या ७५ लाखांहून अधिक आहे. त्यांची किमान ७,५०० रुपयांची चळवळ आपल्याच विदर्भातल्या बुलढाण्यातून उभी राहिली, हे नागपूरकरांनीही फारसे लक्षात ठेवलेले नाही. त्यांच्याही खाली शेतमजूर, भाजीवाल्या, सायकल रिक्षा ओढून थकलेली माणसे आहेत. श्रावणबाळ योजनेत पासष्ट वर्षांवरील निराधाराला दरमहा १,५०० रुपये मिळतात, तेही कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असल्याचे तहसीलदाराने प्रमाणित केल्यावर किंवा दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असल्यावर. इंदिरा गांधी वृद्धापकाळ योजनेतला केंद्राचा वाटा ऐंशीच्या आतल्या वृद्धासाठी २००७ पासून २०० रुपये आहे. या काळात एका चहाची किंमत किती पट झाली ते कोणत्याही टपरीवर विचारता येईल.

हे लोक अप्रत्यक्ष कर सगळ्यांसारखाच भरतात. इतवारीत घेतलेल्या तेलाच्या पिशवीवरचा जीएसटी पेन्शन असलेल्याला वेगळा आणि नसलेल्याला वेगळा नसतो. म्हणून पंचेचाळीस लाखांचा खड्डा चालू महसुलातून भरण्याचे वचन दिले जाते तेव्हा त्यात बर्डीच्या फुटपाथवर कंगवे विकणाऱ्याचाही वाटा असतो, आणि त्याच्या म्हातारपणाची हमी कोणी घेतलेली नसते. शिक्षकाला दिलेली हमी त्यामुळे अन्याय्य ठरत नाही. मात्र तिचा हिशोब लपवून ठेवणे अन्याय्य ठरते, कारण हिशोब दिसला तरच या फेरीवाल्याला आपलाही वाटा मागता येईल.

केंद्राची एकीकृत योजना या कसोटीवर मला दोन्ही टोकांपेक्षा बरी वाटते. पंचवीस वर्षांच्या सेवेनंतर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मे, त्यावर महागाई सवलत, कुटुंबाला त्याच्या ६० टक्के, दहा वर्षांच्या सेवेनंतर किमान १०,००० रुपये. आणि यामागे कर्मचाऱ्याचे १० टक्के व सरकारचे १८.५ टक्के, ज्यातले ८.५ टक्के सामूहिक निधीत जातात. म्हणजे हमी आहे आणि पैसाही बाजूला पडतो. मुदत पुन्हा पुन्हा वाढवूनही केंद्राच्या सुमारे २३ लाख पात्र कर्मचाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी हा पर्याय घेतला. त्यांना जुनी योजनाच हवी आहे हे एक कारण, आणि हमीच्या बदल्यात खात्यातली जमा रक्कम सामूहिक निधीकडे जाते, आणि ६० टक्के एकदम हाती घ्यायचे तर पेन्शन त्या प्रमाणात घटते, हे दुसरे. हमीला किंमत असते हे समोर दिसले की माणसे विचार करू लागतात. ती किंमत दिसू न देणे हेच तर जुन्या योजनेचे आकर्षण होते.

महाराष्ट्राने निम्म्या पगाराचे वचन दिले आहे, आणि ते मागे घ्यावे असे मी म्हणणार नाही. पण त्यासाठी दरवर्षी किती रक्कम बाजूला पडायला हवी, प्रत्यक्षात किती पडली आणि तूट किती राहिली, याचे विमागणितज्ज्ञाने तपासलेले विवरणपत्र विधिमंडळासमोर ठेवणे कायद्याने बंधनकारक करायला हवे. तो निधी सरकारला इतर खर्चासाठी हात लावता येणार नाही अशा विश्वस्तांकडे असावा, त्यात कर्मचारी संघटनांचे प्रतिनिधी असावेत, आणि माजी आमदारांचे निवृत्तिवेतनही त्याच विवरणपत्रात यावे. श्रावणबाळची रक्कम महागाई निर्देशांकाशी जोडून तिचाही रकाना त्याच कागदावर असावा, म्हणजे कोणाच्या म्हातारपणाला राज्य किती किंमत देते हे एका नजरेत दिसेल. मोर्च्यातल्या संघटनांनी ही मागणी स्वतःहून करायला हवी, कारण बिननिधीची हमी पुढच्या एखाद्या अर्थमंत्र्याला एका शासन निर्णयाने बदलता येते, हे ३१ ऑक्टोबर २००५ ला त्यांनीच अनुभवले आहे.

नागपूरच्या अधिवेशनात दरवर्षी हजारो कोटींच्या पुरवणी मागण्या मांडल्या जातात आणि बहुतेक वेळा फारशा चर्चेविना मंजूर होतात. त्या गठ्ठ्यात हे विवरणपत्र जोडायला फार तर चार पाने जास्त लागतील, आणि मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटवर थांबलेल्या माणसांना शिष्टमंडळाकडून आश्वासनाऐवजी ती चार पाने बाहेर आणायला सांगता येतील.